समोरच्या काकांचे घोडे

हरणाऱ्या घोड्यांची आमच्या समोरच्या काकांइतकी काळजी करणारा माणूस न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांवर दुसरा सापडणार नाही. जिंकणाऱ्या घोड्यांचं कौतुक करायला सगळं जग पडलंय. काकांचा जीव मात्र विलायतेतल्या सगळ्यात खालच्या वर्गाच्या शर्यतींत अडकलेला. हिरवळीवर होतात आणि मोठमोठ्या टोप्या घातलेल्या बायका बघायला येतात, त्या शर्यती नव्हेत. वाळूत रबर आणि मेण कालवून केलेल्या धावपट्टीवर, पाऊस असो की बर्फ, आठवड्यातून चार-पाच वेळा उरकल्या जातात त्या. तिथे चाळीस वेळा धावून एकदा जिंकलेला घोडाही नावाजलेला समजतात आणि प्रेक्षक म्हणाल तर कठड्याला टेकलेले चार म्हातारे. "चांगला घोडा कुणीही ओळखेल गं," काका मला म्हणायचे, "हे बाराच्या बारा हरण्यात मुरलेले. त्यातला आज कमी कोण हरणार, ते सांगून दाखव." हे सांगणारा माणूस ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं पुठ्ठ्याची खोकी तपासून निवृत्त झालेला होता. घोड्यावर तो आयुष्यात एकदाच बसला होता, माथेरानला, आणि तेसुद्धा घोडा उभा असताना, फोटोपुरता. शर्यतीवर त्याने कधी एक डॉलर लावला नाही. पैसे लावणारी माणसं काकांना पंगतीत नुसती जिलबी मोजणाऱ्यांसारखी वाटायची.

आम्ही २०१४ साली फ्लॅट बुशला घर घेतलं तेव्हा निम्मी वस्ती अजून उठायची होती. रस्ते होते, दिवे होते, पाट्या होत्या, घरंच नव्हती. समोरच्या काकू ईस्ट टामाकीलाच एका गोदामात पॅकिंगला जात, माझं ऑफिस त्यांच्या पुढच्या वळणावर, म्हणून रोज सकाळी मी त्यांना गाडीतून न्यायचे. काकूंचा डबा, चष्मा आणि कामावरचे बूट या तीन वस्तू एका वेळी कधीच सापडत नसत, त्यामुळे मला रोज दहा-पंधरा मिनिटं काकांच्या दिवाणखान्यात बसावं लागे. पडदे ओढलेले, टीव्हीचा आवाज बंद, आणि पडद्यावर दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात गोल गोल चालणारे घोडे. इथे सकाळचे सात, तिथे विलायतेत आदल्या दिवशीची संध्याकाळ. "तिथे अजून काल आहे," काका हळू आवाजात सांगायचे, जणू घोड्यांना हे कळता कामा नये. चहाचा घोट घेता घेता कालच्या दिवसात चालणारी ती मुकी जनावरं बघितली की माझ्या अंगावर उन्हाळ्यातसुद्धा शहारा यायचा. मग काकू आतून ओरडायच्या, "अहो, माझा चष्मा तुमच्या घोड्यांनी खाल्ला का?" आणि मी भानावर यायचे.

काकांची पद्धत कडक होती. घोड्याचं नाव, वय, आधीचे निकाल, जॉकी कोण, यातलं काहीही आधी बघायचं नाही. शर्यतीपूर्वी घोडे रिंगणात फिरवतात तेवढी दहा मिनिटं फक्त चाल बघायची, मागचे पाय आधी, डोळे शेवटी. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर प्रत्येकाबद्दल एकेक ओळ लिहायची. त्या ओळी अजून मला आठवतात. 'तीन नंबर: पोट साफ नाही.' 'सात नंबर: जॉकीशी अबोला.' 'नऊ नंबर: आपण अकरा वर्षांचे झालो हे आजच कळलंय.' 'सहा नंबर: स्वीट अ‍ॅज, पण डोक्याने मंद.' (स्वीट अ‍ॅज म्हणजे इथल्या बोलीत झकास.) आणि शर्यत जिथून सुटते त्या लोखंडी कप्प्यांत घोडे शिरायला लागले की काका टीव्ही बंद करत. शर्यत ते बघत नसत. निकाल तर मुळीच नाही. "निकाल बघितला की नजर नासते," ते म्हणत, "मग जनावर दिसेनासं होतं, नुसता नंबर दिसतो." पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. जन्मभर पेपर तपासायचे आणि गुण द्यायचेच नाहीत, असला हा कारभार.

मला मात्र निकाल न बघता राहवेना. एका सकाळी मी त्यांच्या पानाचा गुपचूप फोटो काढला आणि गोदामाच्या दारात काकूंना सोडल्यावर गाडीतच फोनवर निकाल शोधला. काकांनी 'आज येईल' लिहिलेला घोडा पहिला आला होता. योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढच्या पंधरवड्यात मी नऊ पानं पडताळली आणि मग ऑफिसात माझं कामात लक्ष लागेना. जिंकणाऱ्याबद्दल ते कधीमधी चुकत. एका शेऱ्याच्या बाबतीत मात्र कधीच चुकले नाहीत. क्वचित, तीन-चार पानांत एखाद्या वेळी, एखाद्या नंबरपुढे ते फक्त एवढंच लिहीत: 'आत कुणी नाही.' तो घोडा दिसायला इतरांसारखाच, तुकतुकीत, कान टवकारलेला. तो हमखास शेवटचा यायचा, आणि एकदा तर त्याहून विचित्र झालं. कप्प्यांची दारं उघडली, अकरा घोडे सुटले, आणि चार नंबर उघड्या दारात तसाच उभा राहिला. फोनवरच्या चित्रफितीत तो कितीतरी वेळ समोर बघत उभा होता. मी ती तीनदा बघितली आणि मग गाडीची दारं आतून लावून घेतली.

तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाला एक कुरण शिल्लक होतं, विकलं गेलेलं पण अजून न खोदलेलं. तिथे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे होते. मे महिन्यातल्या एका धुक्याच्या सकाळी काका कुंपणाशी डोळे मिटून उभे दिसले. पायात मोजे आणि वर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हा त्यांचा बारमाही वेष. मी गाडी थांबवून खाली उतरले. "तिघे आहेत," ते म्हणाले. मला दोनच दिसत होते. "काका, दोन आहेत." "तिसरा मागे उभा आहे. जुना आहे तो, लंगडतोय." तेवढ्यात कुरणाची मालकीण बादली घेऊन आली. "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला आणि आपणहून सांगू लागली की म्हातारा लंगडा घोडा गेला, गुरुवारी पुरला त्याला, तेव्हापासून हे दोघे खात नाहीत. काकांनी अतिशय सभ्यपणे टोपी काढली. मला मात्र त्या दिवशी धुक्यात मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

त्याच वर्षी माझे बाबा सांगलीहून आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा एकटे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, छातीत एकदा दुखून गेलेलं. त्यांना परत पाठवायचंच नाही असं मी त्यांना न विचारता ठरवून टाकलं होतं. व्हिसा वाढवायचा अर्ज भरून तयार होता. त्यांना रस्त्याकडची खोली दिली, जाड स्वेटर आणले, डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, रोज पेपर आणायचं काम नेमून दिलं. बाबा सगळ्याला "बरंय की" म्हणत. जेवण बरंय की, हवा बरीय की, नातीचं, म्हणजे माझ्या मुलीचं, इंग्रजीही बरंय की. मला वाटलं, रुळले.

एका रविवारी काका आमच्या अंगणात आले. बाबा पेपर घेऊन फाटकातून आत येत होते. काकांनी नमस्कार न करता त्यांच्याभोवती सावकाश एक चक्कर मारली. मग आणखी एक. बाबांना वाटलं, हा इथला काही रिवाज असेल, म्हणून तेही हात जोडून उभे राहिले. तिसऱ्या चकरेला काका थांबले, त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बघितलं, आणि तसेच रस्ता ओलांडून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा टीव्ही बंद होता. "आज नजर नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गाडीत काकू म्हणाल्या, "काय झालंय देव जाणे, रविवारपासून पेन हातात घेतलेलं नाही." मला काय झालं असेल ते कळत होतं: बाबांच्या डोळ्यांत त्यांना 'आत कुणी नाही' दिसलं असणार. नऊ पानं मी स्वतः पडताळली होती. रात्रंदिवस मी बाबांचा श्वास ऐकू लागले. ते पेपर आणायला निघाले की खिडकीत उभी राहून त्यांची पावलं बघायचे. माझा बाप आता जाणार, ही एकच गोष्ट डोक्यात. शनिवारी सकाळी मी सरळ काकांच्या गॅरेजमध्ये गेले.

"काका, बाबांना बघून काय दिसलं?"

"घोड्यांचं सांगतो मी. माणसांचं नाही."

"मी निकाल बघितलेत. सगळे. तुम्ही चुकत नाही."

ते दचकले. खरं सांगायचं तर दुखावले. मग त्यांनी एक रंगाचा डबा उलटा करून मला बसायला दिला.

"हे खालच्या वर्गातले घोडे असतात ना, त्यांना पाच-पाच सहा-सहा मालक झालेले असतात. आज या तबेल्यात, उद्या त्या. त्यातला जिंकतो कोण? ज्याला घरी जायची घाई असते तो. त्याला माहीत असतं, हे पुरं केल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून धावतो. पण एखादा असतो, तो आधीच्याच तबेल्यात राहून गेलेला असतो. नवीन मालक दाणा घालतो, अंग पुसतो, सगळं करतो बिचारा. फिरवलं की फिरतो. आत कुणी नाही."

"म्हणजे... मरणार नाहीत ते?"

"ते मला कसं कळणार? मी काय देव आहे?" काका चिडले आणि लगेच मऊ झाले. "अगं, तुझे बाबा इथे आलेलेच नाहीत. तू ज्यांना रोज बरंय का विचारतेस ना, ते सांगलीला आहेत. पाठव त्यांना."

मी खूप रडले. आधी भीती उतरली म्हणून, आणि मग लाज वाटली म्हणून. त्या दुपारी मी बाबांसमोर अर्ज फाडला आणि परतीच्या तिकिटाची तारीख विचारली. बाबांनी ती क्षणाचाही विचार न करता सांगितली, वार, वेळ आणि मधल्या विमानतळासकट. त्यांनी सगळा मार्ग कधीच पाठ करून ठेवला होता. विमानतळावर ते सुरक्षा तपासणीच्या रांगेकडे असे निघाले की दोन तरुण मुलं मागे पडली. मी हात हलवत राहिले. त्यांनी वळून बघितलं नाही, आणि मला त्याचा राग आला, आनंदही झाला. बाबा आता फोनवर दूधवाल्याच्या, पालिकेच्या आणि माझ्या तक्रारी ठणठणीत आवाजात करतात. मला त्यांची आठवण रोज येते.

ते गेल्यानंतरच्या सोमवारी काकांचा टीव्ही पुन्हा सुरू झाला. काकूंचा डबा सापडायचा होता. मी सहज, अगदी गमतीने विचारते असं दाखवत विचारलं, "काका, आणि माझ्यात? आत आहे का कुणी?"

काकांनी टीव्ही बंद केला. घोडे अजून चालत होते तरी. "त्या दारापर्यंत जा आणि परत ये," ते म्हणाले.

मी उठले. बाहेर गाडीत माझी मुलगी, तिला त्या दिवशी शाळेत लवकर सोडायचं होतं, हॉर्न वाजवत होती, "आई, वी आर सो लेट!" मी काकूंना हाक मारली, किल्ल्या उचलल्या आणि काकांकडे पाठ न करता, भिंतीला धरून बाहेर पडले.

या गोष्टीला चार वर्षं झाली. कुरणावर आता बारा घरं आहेत. काका तसेच आहेत, सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात, मी दिसले की प्रेमाने हात करतात. मीही करते. पण त्यांच्या घरासमोरून मी तेव्हापासून कधी चालत गेलेली नाही.