रंगाच्या गोदामातल्या मोठ्या बाई

"त्या बाईला काढा हो आता! गुडघे गेले, कान गेले, हट्ट तेवढा राहिलाय!"

"अहो, हळू बोला. इतक्या वर्षांची बाई, अशी कशी काढायची?"

"कशी म्हणजे? सांगायचं, उद्यापासून घरी बस!"

आत शाळेचे चेअरमन आणि सेक्रेटरी हमरीतुमरीवर आले होते आणि दाराबाहेर शाळेतली मावशी चहाचा ट्रे धरून उभी होती. मावशीचे गुडघे कुरकुरायचे, कान जड झाले होते आणि हट्टाबद्दल तर तिची सून रोजच बोलायची. मग काढायची बाई कोण, हे विचारायला कुणाकडे जायचं? ती आत गेली तसे दोघेही गप्प झाले. झालं, उरलीसुरली शंकाही फिटली.

शाळेत गुडघे आणि कान गेलेल्या आणखी एक होत्या. मोठ्या बाई, हेडमास्तरीण. पण मावशीच्या मनाला तसं शिवलंसुद्धा नाही. मोठ्या बाईंना कोणी 'बाईला' म्हणतं का? एकेरीत बोलायला कुणाची जीभ धजेल?

शहर संपतं पण गाव काही सुरू होत नाही, अशा वसाहतीच्या टोकाला ही शाळा. आधी तिथे रंगाचं गोदाम होतं. मोठ्या बाईंनी गोदामवाल्याच्या हात धुऊन मागे लागून ते मिळवलं आणि उरलेल्या डब्यांनी भिंती रंगवल्या. एका रंगात सगळं भागेना, म्हणून पहिली निळी झाली, दुसरी पिवळी, तिसरी हिरवी आणि चौथीच्या नशिबी चॉकलेटी रंग आला. तेव्हापासून पोरं "मी पिवळीत गेलो" असंच सांगतात. मागे राहिलेला म्हणतो, "मला निळीच आवडते."

हे चेअरमन म्हणजे त्याच गोदामवाल्याचा मुलगा. निळीत असताना भोकाड पसरून बसायचा. बाई त्याला कडेवर घेऊन फळ्यावर लिहायच्या. एका हातात खडू, खांद्यावर याचं शेंबडं नाक.

त्या भांडणानंतर मावशीने कंबर कसली. हाक मारायच्या आत "आले, आले!" करत हजर. न मारलेल्या हाकेलाही ओ द्यायची. कळशी घेऊन पळताना मोठ्या बाईंनीच तिला अडवलं.

"मावशी, पायाला भिंगरी बांधलीत का? पडाल हो. मग मी तुम्हाला उचलायला वाकेन आणि दोघी तिथेच बसू."

सांगून टाकावं, असं मावशीच्या अगदी ओठांवर आलं. पण बाई तडक जाऊन भांडतील आणि उद्या जाणारं काम आजच जाईल, या भीतीने तिने ते गिळलं. घरी सुनेच्या नजरेखाली दिवस काढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

शनिवारी चेअरमनांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. शेजारी एक अनोळखी, नीटनेटकी तरुणी उभी होती. मावशी मागे भिंतीला टेकली. तिने मनात म्हटलं, चारचौघांत काढतात वाटतं.

"आपल्या मोठ्या बाई आता विश्रांती घेणार," चेअरमन म्हणाले. "सोमवारपासून या नव्या हेडमास्तरीणबाई."

मावशीचा जीव भांड्यात पडला. एका श्वासापुरताच. मग तिने मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांना काही ठाऊकच नव्हतं! त्यांनी कानामागे हात धरला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "काय म्हणालास रे? परत सांग बघू."

आणि त्याला सगळ्या पोरांसमोर परत सांगावं लागलं. आवाज चढवून.

पिवळीच्या शिक्षिका आपल्या चपलांकडे बघत राहिल्या. मावशीच्या डोक्यात आता प्रकाश पडला. म्हणजे 'त्या बाईला' हे यांना होतं? ज्यांच्या कडेवर बसून हा अक्षरं शिकला, त्यांना?

पोरं वर्गात गेल्यावर ती ऑफिसात शिरली. "बाई, मी ऐकलं होतं हो. मला वाटलं, माझंच चाललंय."

"तुमचं कशाला?"

"चेअरमन 'बाईला' म्हणाले. 'घरी बस' म्हणाले."

काढल्याचं बाईंनी उभ्याने ऐकलं होतं. आता मात्र त्या खाली बसल्या. "'बस' म्हणाला? मला?"

"आधी सांगायला हवं होतं मी."

"सांगितलं असतंत तर तुम्हालाच खोट्यात काढलं असतं मी," बाई म्हणाल्या.

शाळा सुटली. फाटकाशी निळीतली एक मुलगी उरली. तिची आई कारखान्यातून उशिरा सुटायची. असं उरलेलं मूल घरी पोचवायचं काम बाईंनी कधी कुणावर सोपवलं नव्हतं.

"आज मी सोडते तिला," मावशी म्हणाली.

"तुम्ही वर्ग बंद करा." बाईंनी मुलीचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिला बोट दिलं.

"बाई, हळू हं. माझा बूट चावतोय."

"बघू कुठे चावतोय?" बाई जपून वाकल्या, बुटाची नाडी सैल केली आणि परत बांधली. मग रस्त्याच्या कडेला दोघी थांबल्या. लांबून एक ट्रक येत होता. तो पुरता जाईपर्यंत बाईंनी मुलीला पाऊल टाकू दिलं नाही.