बुधवारचा बर्थ

“मंगळवारीं, बुधवारीं उत्तरेस शूल,” सखारामराव म्हणाले. “ते दोन वार सोडून कुठलाही दे.”

शूल म्हणजे त्या वारी त्या दिशेला निघणं अशुभ. मी पेन्सिल खाली ठेवली. “काका, बर्थ मद्रासहून येतो. वार आपल्या हातांत नाही.”

“मग तुझं हें ऑफिस काय म्हणून?”

माझं ऑफिस म्हणजे कुंभकोणमला महामहम तळ्याजवळची एक बुकिंग एजन्सी. स्टेशनवर खेटे नकोत म्हणून लोक गावातच आमच्याकडे तिकीट काढत. दारासुरमचे रेशीम विणणारे मद्रासला जात, स्वामीमलैच्या मूर्ती गवतात गुंडाळून पार्सलने जात. ती कामं मी डोळे मिटून करायचो. दिल्लीचं गिऱ्हाईक मात्र वर्षातून दोन-तीनदा. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी आमच्याकडे दिल्ली म्हणजे फक्त पेपरात वाचायचं गाव होतं.

दिल्लीचं काम असं. इथून मद्रासपर्यंत मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची गाडी. ती सकाळी एग्मोरला सोडते. दिल्लीची गाडी रुंद रुळांची, ती सुटते संध्याकाळी सेंट्रलहून. पहिलीतून उतरून दुसरी गाठणं याला आम्ही कनेक्शन म्हणतो. पुढे दोन रात्री गाडीत. सत्तरीचा माणूस तेवढा वेळ बसून जाऊ शकत नाही, म्हणून बर्थ, म्हणजे झोपायची फळी हवी. बाहेरगावच्या लोकांसाठी अशा मोजक्याच फळ्या राखून ठेवतात, तो कोटा. आम्ही तार करायची आणि मद्रासची उलट तार येईपर्यंत थांबायचं.

सखारामरावांनी भाच्याचं पत्र पुढे सरकवलं. ते इंग्रजीत होतं. आई अंथरुणाला खिळली आहे, अशक्तपणा फार आहे, डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण सारखी तुमचं नाव घेते. बर्थ मिळेल तेव्हाच निघा, उभ्याने येऊ नका.

आई म्हणजे भागीरथी, सखारामरावांची धाकटी आणि एकुलती एक बहीण. लग्न होऊन दिल्लीला गेली ती तिकडचीच झाली. अठरा वर्षांत भावाबहिणीची भेट नव्हती. त्यांची बायको गेलेली, मूलबाळ नाही, देवळाच्या कचेरीतली कारकुनीही संपलेली. त्यांना तिला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं, तिच्याशी बोलायचं होतं. एवढंच काम होतं.

मी शुक्रवारीच तार केली.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. आम्ही तंजावरकडचे मराठे लोक बाहेर तमिळ बोलतो आणि उंबरठ्याच्या आत मराठी. पुण्याकडचा माणूस ती ऐकून हसतो, कारण आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यात निम्मं तमिळ शिरलेलं आहे. पण ती घरातच राहते, म्हणून घरात दुसरं माणूस असावं लागतं. माझी बायको लवकर गेली होती. आदल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून मी मराठी बोलायचो ती देवाशी. काउंटरवर दिवसभर तमिळ, खानावळीत तमिळ, शेजारी तमिळ. माणसं चांगली होती. मला एकटं वाटायचं, फार वाटायचं, आणि ते तमिळमध्ये कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी सखारामराव एक गाठोडं घेऊन माझ्या घरी आले. धोतर, पंचा, तांदळाची पुरचुंडी आणि हळकुंड.

“प्रस्थान ठेवतों,” ते म्हणाले. “आज वेळ बरी आहे. मग बर्थ कुठल्याही वाराचा येवो.”

प्रस्थान ही जुनी तोड आहे. चांगल्या वेळी आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्या घटकेपासून सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना शूल असो, काही असो, बाधत नाही. पंचांग आणि टाइम टेबल यांचं जमवून द्यायला आमच्या वाडवडिलांनी काढलेली ही वाट मला एरवीही फार आवडे. किती गिऱ्हाइकांना मीच ती सुचवली होती.

“म्हणजे आतां तुम्ही प्रवासांत आहां,” मी म्हणालो. “घरीं चूल पेटवूं नका. सापाड माझ्याकडे.”

“सरी,” ते म्हणाले आणि लगेच पाटावर बसले.

मी डांगर केलं, रसम-भात केला. ते जेवताना दिल्लीचा बेत सांगत होते. भागूला बरं वाटलं की लाल किल्ला पाहणार, कुतुबमिनार खालूनच पाहणार. “आपले लोक तिकडे दिल्लीवर चालून गेले,” ते म्हणाले, “आणि आपले पणजोबा वाट चुकून इकडे आले. आतां मी जाऊन किल्ला घेतों.” मी इतका हसलो की ठसका लागला. त्या घरात वर्षभरात कुणी हसलं नव्हतं.

सोमवारीही ते आले. मी दुपारीच कोथिंबीर आणून ठेवली होती.

पण सोमवारी दुपारी तारही आली होती. बुधवारच्या गाडीचा बर्थ, खालचा. म्हणजे इथून मंगळवारी निघायचं.

मी ती तार वाचली आणि घडी करून खिशात घातली. मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण त्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे. मनात आलं, म्हणजे उद्यापासून पुन्हा एकटं जेवायचं. त्याच्या मागोमाग आलं, पण मंगळवारी उत्तरेला शूल आहे. त्यावर तोड म्हणून ठेवलेलं प्रस्थान माझ्याच घरात, माझ्याच कोनाड्यात होतं. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही.

मालक अय्यर आतून म्हणाले, “राव, दिल्लीचा बर्थ आला ना?”

“आला. पण मंगळवारी शूल आहे, ते निघायचे नाहीत.”

“त्यांना विचारलंस?”

“हो,” मी म्हणालो.

अय्यर स्वतः पंचांग मानणारे. ते म्हणाले, “मग पुढचा माग.” मी बुधवारचा बर्थ सोडल्याची आणि त्यानंतरचा मागितल्याची तार केली. माझ्या नोकरीत मी केलेलं हे एकच खोटं काम. फार सोपं गेलं.

संध्याकाळी सखारामरावांनी पाय धुता धुता विचारलं, “तार आली कां?”

“कुठें अजून.”

“येईल. तुझ्या हातचं रसम आणखी दोन दिवस नशिबीं असेल.”

मंगळवारी ते जेवून बराच वेळ बसले. लहानपणी भागू कावेरीच्या घाटावर कशी रुसून बसायची ते सांगितलं. मी माझ्या आईबद्दल बोललो, पहिल्यांदाच. बुधवारी दुसरी तार आली. शनिवारच्या गाडीचा बर्थ. ती मी लगेच त्यांच्या हातात दिली. शुक्रवारी गाठोडं काखेत मारून ते निघाले. “येतों रे,” म्हणाले. मी म्हणालो, “पोचल्यावर लिहा.”

पत्र आलं नाही. तीन आठवड्यांनी ते स्वतः काउंटरसमोर उभे राहिले. डोक्यावर केस नव्हते. मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो.

“गेली,” ते म्हणाले. “मी पोचलों सोमवारीं. रविवार सकाळपर्यंत बोलत होती. मग बोलणं बंद पडलं. डोळे उघडे, पण मी कोण तें कळेना. बुधवारीं गेली.”

मी त्यांना बाकावर बसवलं. ते माझ्याशी आमच्या मराठीतच बोलत होते. आजूबाजूला तिकिटाला आलेले लोक उभे होते, त्यांना काही कळत नव्हतं.

“भाच्यास आपली भाषा येत नाही,” ते म्हणाले. “भागूनें शिकविलीच नाही. शेवटीं शेवटीं मात्र ती दुसरं कांहीं बोलेना. सून, नातवंडं, सगळीं भोंवतीं बसलेलीं, आणि तिचं एक अक्षर कुणास कळेना. एकच वाक्य चार दिवस म्हणत होती. भाच्यानें मज विचारलं, मामा, लोटूं म्हणजे काय? मी म्हटलं, अवघें वाक्य सांग. त्यानें सांगितलं. दार लोटूं नका, अण्णा यायचा आहे.”

अण्णा म्हणजे हे. भागीरथी भावाला अण्णा म्हणायची.

“त्यांस वाटलं, लौटना म्हणते. परत जायचं म्हणते. म्हणून ते तिला समजावीत, हां अम्मा, लौटेंगे, अच्छी हो जाओ, लौटेंगे. आणि थंडीचा वारा येतो म्हणून दार लावून घेत. ती पुन्हा म्हणे, लोटूं नका. ते पुन्हा लावीत.”

आत अय्यरांनी फायली आवरायचा आवाज केला. सखारामरावांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“दोन दिवस आधीं पोचतों तर मी दार उघडतों रे, गोविंदा. एवढंच काम होतं.”

बुधवारच्या गाडीने ते शुक्रवारी पोचले असते. हिशेब मी त्यांच्याही आधी केला होता. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. त्यांना वाटलं मला त्यांचं दुःख झालं आहे. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. “तूं तरी काय करणार,” ते म्हणाले. “बर्थ मिळेना त्यास तूं काय करणार.”

आता मी निवृत्त आहे. नव्या क्लार्कांना मी एकच गोष्ट शिकवून आलो. तार आली की ती आधी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. जायचं की थांबायचं ते त्याने ठरवायचं, तो त्याचा प्रवास आहे. नियम पुस्तकातच होता, माझ्याआधीपासून.

सखारामराव त्यानंतर सात वर्षं जगले. दिल्लीहून परतले त्या संध्याकाळपासून ते रोज माझ्याकडे जेवायला येत, आणि आम्ही दोघं पोटभर मराठी बोलत असू. त्या तारेखेरीज सगळं बोललो.