एका माटोळीखालचे मोडेम

मोडेम बाहेरचा हवा होता. वेगळी पेटी असलेला, स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा, संगणकाच्या पाठीमागे जाड केबलने जोडायचा, पुढच्या बाजूला लाल दिवे लुकलुकणारा. हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि घरातल्या प्रत्येकाला मी ते सांगितलं होतं. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी आधी हेच लिहावंसं वाटतं, कारण तेव्हा ते एकाही माणसाने ऐकून घेतलं नाही.

माझं माहेर लाटंबार्सें, सासर पेडणें. वडील पोर्तुगीज अमदानीत शिकलेले, त्यामुळे ती भाषा मी घरातच उचलली. पणजीत एका भाषांतराच्या कचेरीत मी नोकरी करत होते. जमिनींच्या वाटण्यांचे, गहाणवटीचे, वारसाहक्कांचे जुने पोर्तुगीज कागद वकिलांसाठी इंग्रजीत आणायचे, हे माझं काम. ते काम येणारी माणसं कमी होती आणि त्यातली मी बरी होते. हे मी फुशारकीने सांगत नाही. ज्या गोष्टीचा मला अभिमान होता ती कुठली, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं म्हणून सांगते.

मग सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांना उठवायला, बसवायला, जेवू घालायला माणूस पाहिजे. ते माणूस म्हणजे मी, हे कुणी ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. चर्चा अशी झालीच नाही. नवरा पेडण्यातच सरकारी कचेरीत होता, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी रोज दोन बस बदलून पणजीला जाणारी. त्यामुळे घरी मी राहायचं, हे सूर्य उगवावा तसं आपोआप झालं.

कचेरीचे मालक म्हातारे वकील होते. त्यांनी मला सोडलं नाही. "घरून करा," म्हणाले. कागदांच्या झेरॉक्स ते बसच्या कंडक्टरकडे द्यायचे, आणि मी टाइप केलेलं भाषांतर फ्लॉपीवर घालून त्याच कंडक्टरच्या हाती परत पाठवायची. आमच्याकडे औषधांपासून मासळीपर्यंत सगळं कंडक्टरच्या हातून येतं-जातं, तेव्हा फ्लॉपीनेच काय घोडं मारलं होतं? पण एक फ्लॉपी इंजिनाजवळ ठेवल्यामुळे तापून वाकडी झाली, आणि दुसरी कंडक्टरच्या शर्टाच्या खिशात त्याच्या घरी गेली आणि शर्टाबरोबर धुतली गेली. मालकांचा फोन आला. "बाई, भाषांतर तुमचं उत्तम. पण माझा अशील फ्लॉपी वाळेपर्यंत थांबत नाही. गणेश चवथीपर्यंत ई-मेल सुरू करा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

म्हणजे नोकरी टिकायची तर मोडेम पाहिजे. फोनच्या तारेतून संगणक इंटरनेटला जोडणारी ती वस्तू. मोरजीला गोऱ्या पाहुण्यांसाठी सायबर कॅफे निघाले होते, पण तिकडे जायचं तर सासूबाईंना एकटं टाकून जायचं.

माझा संगणक कचेरीने टाकून दिलेला, आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. चोरीच्या सीडीवरून विंडोज घालून द्यायला अर्धं पेडणें तयार होतं, मी नव्हते. दुसऱ्यांच्या मालकी हक्काचे कागद भाषांतर करायचे आणि तेही चोरीच्या मालावर, हे माझ्या बापाच्या मुलीला जमणारं नव्हतं. लिनक्स फुकट होतं, सरळ होतं, आणि मला ते आवडायचं. अडचण एवढीच होती की बाजारात मिळणारे बहुतेक मोडेम त्याच्यावर चालत नसत. संगणकाच्या आत बसवायचा जो मोडेम सगळीकडे विकला जायचा तो मुळात अर्धाच मोडेम. बनवणाऱ्यांनी त्यातली अक्कल काढून घेतली होती आणि ते काम विंडोजवरच्या एका सॉफ्टवेअरवर ढकललं होतं. विंडोज नसेल तर ती नुसती हिरवी पट्टी. बाहेरच्या पेटीवाल्या मोडेमची अक्कल त्याच्या स्वतःच्या पोटात असते, त्यामुळे तो कुणाचंही ऐकतो. हे सगळं मी नोकरीवर असतानाच वाचून, लिनक्सवाल्यांना ई-मेलवर विचारून पक्कं केलं होतं. शंकेला जागा नव्हती.

पण वस्तू कुठली घ्यायची हा प्रश्न आमच्याकडे दुसरा. कुणाकडून घ्यायची हा पहिला. नवऱ्याच्या चुलतभावाचं म्हापशात संगणकाचं दुकान होतं. आमच्या घराण्याचा गणपती एकच, मूळ घरात बसतो. त्याच्यावर फळांची, रानातल्या वेलींची माटोळी बांधतात, आणि तिच्याखाली सगळे भाऊबंद एकत्र उभे राहून आरती म्हणतात. आता एका माटोळीखाली उभा राहणारा माणूस मोडेम विकत असताना आपण दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची? आमच्याकडे लोक यावरून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलायचे थांबले आहेत.

हे चुलतदीर घरी आले ते मोडेम घेऊनच. आतला. मी खोका हातात घेतला, बघितला आणि म्हटलं, "हा चालणार नाही. मला बाहेरचा पाहिजे, सिरीयल पोर्टवाला."

दीर हसले. माणूस गोड आहे, आजही आहे, आणि माझ्या रागाची खरी पंचाईत तीच आहे. "वैनी, तुमी वाचतात खूब," ते म्हणाले. "मोडेम म्हणजे मोडेम. फोनाची वायर घातली काय चलता."

आणि मग ते नवऱ्याकडे वळून त्या मोडेमचे गुण सांगायला लागले. माझ्या संगणकाचा मोडेम, माझ्या नोकरीसाठी, आणि त्याची माहिती नवऱ्याला, ज्याला संगणक चालू करायचं बटण कुठे असतं तेही ठाऊक नव्हतं! तो आपला मान डोलावत होता. मी चहा करायला आत गेले. भांडी जरा जोरातच आपटली, पण त्या घरात भांड्यांचं बोलणं कुणी मनावर घेत नसे.

तो मोडेम अर्थातच चालला नाही. लिनक्सला तो दिसला, पण बोलेना. हाक मारावी आणि समोरच्याने नुसतं बघत राहावं, तसं. मी फोन केला. दीरांनी बिचाऱ्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. "बदलून दितां," म्हणाले.

बदली मोडेम यायला पावसाळ्यातले कितीतरी दिवस गेले, कारण मुंबईहून माल येणार होता, आणि मालाला घाई नव्हती. मधल्या काळात मी मालकांना फोन करून सबबी सांगत होते. फ्लॉपी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून पाठवत होते. आणि तो आला तेव्हा? दुसऱ्या रंगाचा खोका, दुसरं नाव, आत तीच हिरवी पट्टी. त्यावरची चिपसुद्धा तीच. मी ती दीरांच्या नाकासमोर धरली. ते म्हणाले, "तुमचो कंप्युटरच वायट, वैनी. विंडोज घाला, आताच चालू करून दितां."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "भावजी, मी चपला मागितल्या तर पाय कापायला सांगू नका."

सासूबाईंनी खाटेवरून खाकरून घेतलं. दीर पुन्हा हसले, खोका उचलला आणि बदलून देतो म्हणाले. ते गेल्यावर नवऱ्याने मला समजावलं, तेसुद्धा हळू आवाजात, कारण आमचा नवरा ओरडणारा नव्हे. "असा बोलता? तो घरचो मनीस."

"मग दुसरीकडून आणूया. भावजींना कळायची गरज नाही."

"कळतलाच. पेडण्यात कितें लिपता? चवथीक तेका तोंड खंय दाखयतलों?"

"आणि मी मालकांना कुठलं तोंड दाखवू?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "बाये, चार दीस कळ काड. आपलो तो हाडून दितलो." माझ्या आधाराशिवाय ज्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, त्या मला कळ काढायला सांगत होत्या. मी त्यांना उशी नीट लावून दिली.

चवथ आली. नणंद माहेरपणाला आली, म्हणून मला मूळ घरात जाता आलं. आरती झाली, माटोळीखाली सगळे घामाने निथळत होते, आणि दीरांनी मला खूण करून बाजूला बोलावलं. चेहरा असा फुललेला, जणू देवच पावला. हातात खोका. "वैनी, हो खास तुमच्याखातीर." खोक्यावर काळ्या स्केचपेनने ठळक अक्षरांत 'लिनक्स' लिहिलेलं होतं. अक्षर त्यांच्याच हातचं. मी झाकण उघडलं. हिरवी पट्टी.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या माणसाच्या मनात फसवणूक नव्हती, हे शपथेवर सांगते. त्यांना खरंच वाटत होतं की वैनीला एक शब्द हवा आहे, तो लिहून दिला की वैनी गप्प बसेल. माझं म्हणणं खोटं आहे असं त्यांना वाटलं असतं तर मी भांडले असते. माझं काही म्हणणं आहे, हेच त्यांच्या गावी नव्हतं. सगळे भाऊबंद कौतुकाने बघत होते. नवरा डोळ्यांनी विनवत होता. मी तो खोका घेतला, 'बरं' म्हटलं आणि प्रसादाचं पान हातात धरून घरी आले. रस्ताभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

नणंद घरी आहे तोवर एक दिवस माहेरी जाऊन येते म्हटलं. लाटंबार्सेंला गणपतीला नमस्कार केला, आईच्या हातचं जेवले, आणि परतताना डिचोलीच्या बाजारात उतरले. बसस्टँडजवळच्या एका दुकानात काचेमागे तो होता. पेटीवाला, केबलसकट, अडॅप्टरसकट. धूळ खात पडलेला, कारण सगळ्यांना स्वस्तातले आतले हवे होते. दुकानदाराने एकदाच विचारलं, "घरांत मिस्टरांक इचारलां मूं?" मी म्हटलं, "मोडेम मिस्टरांना लावायचा नाही." त्याने मुकाट्याने बांधून दिला. आईने दिलेल्या काकड्यांच्या पिशवीत तळाशी घालून मी तो पेडण्याला आणला. माझ्याच कामाची वस्तू, माझ्याच घरात, चोरून आणल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी नणंद सासरी परतली, आणि दुपारी सासूबाई झोपल्यावर मी तो जोडला. दोन अक्षरांची आज्ञा टाइप केली आणि त्याने लगेच उत्तर दिलं, ओके. मला तिथल्या तिथे रडू कोसळलं. आनंदाने नव्हे. इतकं सोपं होतं म्हणून. मग नंबर फिरवला, तो किरकिरला, शिट्या मारल्या आणि लागला. तयार करून ठेवलेलं भाषांतर मी मालकांना पाठवलं. जाताना ते किती भरभर गेलं!

त्यांचं उत्तर त्याच दुपारी आलं. मजकूर नीट पोचला, काम नेहमीसारखंच सुरेख आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण चवथ झाली तरी माझा मेल नाही म्हटल्यावर त्यांनी मडगावच्या एका भाषांतरकाराला काम द्यायला सुरुवात केली होती, आणि आता त्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. थोडं आधी कळवलं असतं तर, असं शेवटी होतं.

नवरा जेवायला घरी आला होता. मी त्याला पडद्यासमोर उभं केलं आणि वाचून दाखवलं. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मला धीर यावा म्हणून म्हणाला, "जावंदे. कोणाचो वायटपणा घेवंक नाय आपणे, ता एक बरा जाला."

"माझा घेतलात," मी म्हटलं.

त्याने हात काढून घेतला. मी उठले. माझा आवाज चढला होता, सासूबाई जाग्या झाल्या तरी मला पर्वा नव्हती. "उद्या तुम्ही घरी राहा. आईंना तुम्ही बघायचं. मी पणजीला जाणार, मालकांना तोंडावर सांगणार की माझं काम मला परत द्या. एक दिवस तरी रजा मिळेल ना तुम्हाला?"

"मेळता मगो," तो चटकन म्हणाला. मला राजी करायला काहीतरी सापडलं म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. "एक दीस कित्याक, महिनोभर घेतां. माझी खूब रजा शिल्लक आसा. दर वर्सा फुकट वता."