पाय घसरला

गोखिवऱ्याच्या प्रौढ साक्षरता वर्गात गॉडफ्रे चेहरे शोधण्यास आला, तेव्हा तेथे शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखिकेची त्याच्याशी ओळख झाली. लग्नांचे व्हिडिओ काढून तो पोट भरीत असे आणि सवड मिळेल तसा स्वतःचा चित्रपट करीत असे. माणसाच्या मनातील काळोख हा त्याचा विषय. ज्यांनी कागदावरून बोलण्याची सवय लावून घेतलेली नाही, त्या खरे बोलतात, असे म्हणून त्याने वर्गातील तिघींना शेजारणींचे काम दिले.

त्याची रीत निराळी होती. संवाद लिहिलेले नसत. पात्राला जेवढे ठाऊक, तेवढेच तो नटाला सांगे. शेजारणींना एवढेच कळले, की घरचा मुलगा बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, बुडाला, पाय घसरला.

तिघींतली ॲंजेला म्हणाली, "अरे बाबा, तुझ्या पिक्चरला गाणं नाय, मारामारी नाय. निदान रडायचं कधी, ते तरी सांग."

"रडू नका," गॉडफ्रे म्हणाला. "चहा प्या."

ही त्याच्याच घरची गोष्ट होती. धाकटा भाऊ मार्सेल असाच गेला होता. काठावर तेव्हा फक्त आई, थेरेसाबाई, होत्या आणि विचारील त्याला त्या 'पाय घसरला' एवढेच सांगत आल्या होत्या. गॉडफ्रेला ते पटत नव्हते. घरात विचारायला जीभही रेटत नव्हती. म्हणून त्याने हा चित्रपट मांडला आणि आईच्या भूमिकेत आईलाच बसविले. तिला मात्र त्याने काहीच सांगितले नाही.

कॅमेरा सुरू झाला. शेजारणी हळहळल्या, "पाय घसरला हो पोराचा." थेरेसाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"पाय नाय घसरला," त्या म्हणाल्या. "तो उतरला. चपला काठाला नीट लावून उतरला. लोकांनी त्याला नावं ठेवू नयेत, म्हणून मी घसरला म्हटलं."

गॉडफ्रेने कॅमेरा थांबविला नाही. त्याच्यामागे उभा राहून तो रडत होता.

हवे होते ते उत्तर मिळाले. पण ते चारचौघांत दाखविणे त्याच्याने झाले नाही. तेवढा प्रसंग त्याने काढून टाकला. वसईत खेळ झाला, तेव्हा लोक म्हणाले, शेवट अर्धवट वाटतो. त्याने मान डोलावली. पुढे त्याने चित्रपट केला नाही.

एकदा बाजारात भेटला, तेव्हा लेखिकेची पिशवी हातात घेत तो म्हणाला, "काकू, आयकडे अधूनमधून बसायला जात जा. ती मार्सेलचं बोलू लागली, तर विषय बदलू नका."