कंसातला आकडा

“अगं बाई, कंसातला आकडा म्हणजे तोटा!” खालच्या मजल्यावरच्या ताई माझ्या मोबाईलात कंपनीचा हिशोब बघून म्हणल्या. ताई हिशोबाच्या हापिसात कामाला, त्यांचं चुकायचं नाय. पोराला कडंवर घेतलं, जिन्यातूनच नवऱ्याला फोन लावला. लागंना. सकाळीच मी त्यांना सांगून बसले होते, माझी कंपनी नफ्यात हाय, द्या राजीनामा, या घरी.

वाळूजच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून ते सुरतला कामाला. गेले तवा पोरगं रांगत होतं, आता चालतंय. त्याला बाप म्हणजे मोबाईल. स्क्रीनलाच पापा देतं. मला लई वाटायचं, मुकुंदवाडीच्या या खोलीच्या दारात एकदा त्यांच्या चपला दिसाव्या.

मी भाषांतराच्या कंपनीचं काम करते, घरूनच. मशीननं केलेली मराठी वाक्यं मोबाईलवर येतात, आपण बोलतो तशी ती नीट करायची. कंपनी म्हणली, तुम्हाला कायम करतो. दहावी नापास बाईला! नवरा म्हणले, “तू कायम झालीस तर मी येतो, तिथंच काहीतरी बघतो. पण कंपनी टिकंल का, ते बघ आधी.”

कंपनी शेअर बाजारातली, म्हणून वर्षाचा हिशोब तिच्या वेबसाईटवरच सगळ्यांना बघायला ठेवलेला. इंग्रजी अक्षरं लावत लावत मी शेवटची ओळ गाठली. प्रॉफिट. पुढं कंसात अजून एक शब्द, मग मोठा आकडा, तो बी कंसात. आता आमच्या कामात नियमच हाय, कंसातलं तसंच सोडायचं, त्याच्या नादी लागायचं नाय. मी तो शब्द सोडला आन आकड्याचा कंस बी सोडला. राहिलं काय, प्रॉफिट आन आकडा.

फोन लागला एकदाचा.

“अवो, दिला का राजीनामा?”

“साहेबाच्या केबिनबाहेर उभा हाय. बॅग बी भरली. तू काय, मी यायच्या आधीच पोह्याला कांदा चिरायला बसलीस का?”

मला हसू बी येईना.

खालून ताई ओरडल्या, “अगं, एका वर्षाच्या तोट्यानं कंपनी बुडत नाय!”

“मागच्या वर्षाच्या आकड्याला बी कंस हाय, ताई.”

“कसला कंस?” नवऱ्यानं इचारलं.

“थांबा तुम्ही. देऊ नका. मी चुकीचं वाचलं.”

मग सगळं सांगितलं, कंसातला जो शब्द मी सोडला तो लॉस होता, म्हणजे तोटा. मला वाटलं, वरडतील. वरडले असते तर बरं झालं असतं.

“बरं,” म्हणले. “बॅग खोलतो मग.”

कंपनी बंद पडली नाय. काम रोज येतंय, अजून कायम काय केलं नाय. ते सुरतलाच. वाक्यं नीट करता करता मधीच वाटतं, त्या दिशी गप बसले असते तर आज ते इथं माझ्यासमोर जेवत असते. आन गप बसले असते, आन कंपनी बुडाली असती, मग? तुमचा माणूस बॅग भरून उभा असता, तर तुम्ही काय केलं असतं?