भरलेलं घर

मी तुमची शेजारीण बोलते लेकरा, फोन जरा कानाजवळ धर, आन् मधी बोलू नको.

तुझा फोन वाजला की तुझे बाबा घाईनं माझ्या ओसरीवर येतात, माझ्या नातवंडांच्या गलक्यात बसतात आणि तुला म्हणतात, “घर भरलंय, लई पाव्हणे हायेत.” मग आपल्या घराचं कुलूप काढून एकटेच आत जातात.

जर्मनीतल्या तुमच्या कारखान्याचा माल परदेशात खपेना, माणसं कमी करून राहिले, असं तू सांगितलंस. तेव्हापासून ते तुला ‘ये’ म्हणत नाहीत. इथं नांदेडला ते कामाला होते ती कापडगिरणी बसली, तेव्हा रजेवरच्यांची नावं आधी कटली होती.

“भाऊ, तिकडं तसं नसतंय,” मी म्हणलं.

“कारखाना कुठलाबी असू दे ताई, हजेरी चुकू नये.”

हे सांगितलं म्हणून माझ्यावर रुसतील, रुसू दे. तू रजा मागून बघ, आन् लवकर येऊन जा.