मोमोसे बाईंची कॅसेट

मोमोसे बाई आमच्या वसाहतीत तिसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर राहायला आल्या, त्याच आठवड्यात मी त्यांची चौकशी सुरू केली. रहिवासी संघटना मीच उभी केलेली. पाण्याच्या टाकीसाठी नगरपालिकेच्या दारात अकरा दिवस बसलो होतो. गोड बोलून घरात शिरणारी माणसं कशी असतात, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. ज्ञानकोश विकणारे, शिलाई मशीन विकणारे, सगळे याच जिन्याने वर आले आणि याच जिन्याने मी त्यांना खाली उतरवलं.

बाई व्हायोलिन शिकवत. मात्सुमोतो म्हणजे व्हायोलिनचंच गाव, तिथे त्याचं नवल कुणाला नाही. पण शिकवण्याची तऱ्हा मला पटेना. चार वर्षांच्या पोराला वाद्य द्यायचंच नाही. मिठाईचा रिकामा खोका, त्याला एक पट्टी चिकटवलेली, तो हनुवटीखाली धरून पोर महिनाभर नुसतं उभं. खरं व्हायोलिन वाजवायचं आईनं. पोराला हेवा वाटून त्यानं स्वतः मागितलं की मग त्याच्या हातात. तोवर घरी रोज कॅसेट लावायची, जेवताना, खेळताना, कान भरेपर्यंत. कागदावरचे सूर नंतर कधीतरी.

"ही बाई पोरं शिकवतेय की आया गोळा करतेय?" मी सुनेला, सुमिएला विचारलं. माझी नात चिनात्सु तेव्हा खोकाच धरून होती.

"बाबा, तुमची संघटना तरी कुणावर चालते? आयांवरच ना?"

संशय मात्र गप्प बसला नाही.

कळलं ते असं. बाई मूळच्या ओकायाच्या, रेशीम कारखान्यातल्या. कोष उकळत्या पाण्यातून काढून काढून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. व्हायोलिन हातात घेतलं ते सव्विसाव्या वर्षी, पोरांच्या रांगेत शेवटी उभं राहून. लग्न नाही, नातेवाईक नाहीत. व्हायोलिन शिकवणाऱ्या संस्थेनं दिलेलं, शिकवण्याचं एक प्रमाणपत्र होतं, काचेत घातलेलं, चपला काढतो तिथे समोरच टांगलेलं. मला वाटायचं, इतकं दिसेल असं का टांगावं? खरं असतं तर कपाटात नसतं ठेवलं?

सात वर्षं अशी गेली. पोरं वाकून नमस्कार करत, वाजवत, पुन्हा वाकत. हिवाळ्यात बाई नोझावानाच्या पाल्याचं लोणचं घालत आणि सगळ्या घरांत पाठवत. आमच्याकडे जरा जास्तच येई. त्याचाही मला संशय.

मग त्या वसंतात संस्थेचं पत्र आलं.

मुलांनी आपापल्या पायरीची ठरलेली रचना कॅसेटवर वाजवून संस्थेकडे पाठवायची, परीक्षक ऐकून उत्तीर्ण करणार, अशी पद्धत. बाईंच्या तीन मुलींच्या कॅसेट गेल्या होत्या, त्यात चिनात्सुची. परीक्षकांनी लिहिलं होतं: तिन्ही कॅसेटमध्ये एकाच जागी, सारखाच वेळ वादन अडखळतं. तीन मुलं अशी वाजवू शकत नाहीत. हा एकच हात आहे. शिक्षिकेनं महिन्याभरात खुलासा करावा. तोवर प्रमाणपत्र स्थगित.

बाईंनी काचेतलं प्रमाणपत्र उतरवलं आणि पत्र घेऊन संघटनेच्या खोलीत माझ्यासमोर बसल्या. आठ-दहा आया भिंतीला टेकून उभ्या.

"तुम्ही वाजवलंत?" मी सरळ विचारलं.

"नाही."

"मग तिघी एकाच जागी कशा अडखळतात?"

"कुठे अडखळतात?"

"पत्रात लिहिलंय. दुसऱ्या भागात, सूर खाली येतात त्या शेवटच्या उतारावर."

"मी रोज ऐकते, ओसावासान. मला तरी तिथे काही ऐकू येत नाही."

हेच मला खटकलं. चोरानं कबूल केलं असतं तर मी त्याच्यासाठी भांडलोही असतो. पण जे सगळ्या परीक्षकांना ऐकू येतं, ते यांना येत नाही?

मागून आयांमधल्या किताझावाबाई पुटपुटल्या, "गिरणीतली बाई. कान उकळत्या पाण्यात गेले असतील."

बाईंनी ऐकलं. मान वळवली नाही.

मी ठरवलं, तपासायचं. तिन्ही मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. एक माझ्याकडे, एक भांडीघरात, एक सायकलींच्या शेडमध्ये. बाईंना जिन्यावर उभं केलं, हात मला दिसतील असे. एकेकीनं वाजवलं. तिघीही त्याच उतारावर गज उचलून एक श्वासभर थांबल्या आणि पुढे गेल्या.

म्हणजे कॅसेट खऱ्या होत्या. आया टाळ्या वाजवायला लागल्या. मी नाही वाजवल्या. रचना वाजवली या मुलींनीच, पण थांबायला कुणी शिकवलं? कारागीर भांड्याच्या बुडाला आपली खूण करतो, तशी बाई पोरांवर खूण करत असतील तर? आणि काही असलं तरी संस्थेला काय लिहायचं? आमच्या पोरी एकाच जागी अडखळतात, कारण माहीत नाही? त्यावर कोण विश्वास ठेवणार? पंधरा दिवस उरले होते.

रविवारी सकाळी मी भातावर नोझावाना घेऊन बसलो होतो. सुमिएनं नेहमीप्रमाणे बाईंनी दिलेली रोजची कॅसेट लावली. तो उतार आला आणि मला टोफूवाल्याचा भोंगा ऐकू आला.

चॉपस्टिक खाली ठेवल्या. टोफूवाला यानागिसावा येतो संध्याकाळी. रविवारी त्याचं दुकानच बंद. मी खिडकीतून वाकून पाहिलं. रस्त्यावर एक मांजर होतं.

"मागे घे," मी सुमिएला म्हटलं.

पुन्हा भोंगा. पुन्हा मी खिडकीत. मांजर तेच.

"तुला कधी ऐकू आला नाही हा?"

"येतो ना. टोफूवाला आहे," सुमिए म्हणाली, आणि मग तिचाही घास तोंडातच राहिला.

कॅसेट घेऊन मी तसाच तळमजल्यावर गेलो. बाईंनी तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्र बंद केलं आणि गुडघ्यांवर हात ठेवले.

"आठवलं. पहिल्या वर्षी इथे फक्त दोन घरांत ग्रामोफोन होता. संस्थेची तबकडी मुलं ऐकणार कुठे? म्हणून मीच वाजवून कॅसेट भरली, बारा घरांसाठी. शेवटी शेवटी भोंगा वाजला. मी जरा थांबले आणि पुढे वाजवलं. पुन्हा पहिल्यापासून वाजवायला हवं होतं. खांदा दुखत होता."

"आणि पोरी टोफूवाल्यासाठी थांबतात."

"सात वर्षं," बाई म्हणाल्या. "मीही थांबते बहुतेक."

आम्ही दोघे हसलो नाही. कारण पुढचं मला कळलं होतं. संस्थेचा नियम होता, मुलांनी फक्त मान्य तबकडीच ऐकायची. खरं लिहिलं तर मुली सुटत होत्या, आणि बाई अडकत होत्या.

"भोंगा संस्थेला सांगायलाच पाहिजे असं नाही," मी म्हटलं. बघू तरी, बाई काय म्हणतात.

बाईंनी लिहायचा कागद पुढे ओढला. "ओसावासान, तुम्ही अजून माझी परीक्षाच घेताय."

पत्र त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं. नियम मोडला, हेही लिहिलं. मी वाचलं, लिफाफा बंद होताना पाहिला. त्या टपालपेटीकडे निघाल्या, तेव्हा मी दहा पावलं मागे ठेवून निघालो. बेकरीच्या कोपऱ्यावर त्या न वळता म्हणाल्या, "शेजारून चला. मागून बुटांचा आवाज येतो."

पत्र आत पडल्याचा आवाज मी ऐकला.

उत्तर महिन्याभरानं आलं. मुलींनी शरद ऋतूत पुन्हा कॅसेट पाठवायची. बाईंचं प्रमाणपत्र वर्षभर रोखलं; तोवर दुसऱ्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली शिकवायचं. घरोघरी मान्य तबकड्या पोचवायचं आमच्या संघटनेनं पाहिलं, त्यावर मी इथे बोलत नाही. मुलींना मात्र त्या जागी न थांबायला चार महिने लागले. बाई कुणालाही "चुकतंय" म्हणाल्या नाहीत. बरोबरची तबकडी लावत राहिल्या आणि त्यांच्याबरोबर स्वतःही वाजवत राहिल्या. त्याही थांबत होत्या, हे मला आता ऐकू येत होतं.

वर्षानं प्रमाणपत्र पुन्हा भिंतीवर लागलं. चिनात्सुच्या पुढच्या पायरीची नवी तबकडी आमच्या घरी आली, तेव्हा मी रविवारी सकाळी खिडकी उघडून, रस्त्याकडे डोळे लावून, ती दोनदा ऐकली.